मदत हवी आहे: शहरातला दवाखाना आणि गावातलं आरोग्य केंद्र यांची सांगड कोण घालून देतं?

नमस्कार मंडळी. माझी मावशी राधानगरी तालुक्यात एकटीच राहते. साखरेचा जुना आजार. पायाची जखम चिघळली म्हणून कोल्हापुरात एका खाजगी दवाखान्यात बारा दिवस ठेवलं. डिस्चार्ज मिळाला, हातात कागद दिला, "रोज ड्रेसिंग, इन्सुलिन चालू ठेवा" म्हणाले, विषय संपला. आता गावात ड्रेसिंग कोण करणार? आशाताई भली बाई, दोनदा येऊन गेली, पण मावशीला दवाखान्यात ठेवलं होतं हेच तिला कुणी कळवलं नव्हतं. प्राथमिक आरोग्य केंद्र सहा किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा. मावशी म्हणते, "जाऊ दे, हळद लावते." डोक्याला हात लावला मी.

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक (रुग्णांना मदत करणारे समाजकार्यकर्ते) असतात, एवढं माहीत आहे. महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्रही असतो, पण त्याचं काम मुख्यतः योजनेच्या कागदपत्रांचं. घरी गेल्यावर पुढचं बघणारं कोण?

सीपीआरमधल्या (कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) समाजसेवा अधीक्षकांना बाहेरच्या पेशंटसाठी भेटता येतं का? खाजगीतले कागद चालतात का? आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी ते स्वतः बोलतात, की चिठ्ठी घेऊन आपणच पळायचं? इन्सुलिन केंद्रात मिळतं की ग्रामीण रुग्णालयात जावं लागेल? शिवाय संजय गांधी निराधारचा अर्ज राहिलाय, त्यातही ते मदत करतात असं ऐकलंय.

समाजकार्य शिकलेलं किंवा या कामातलं कुणी ग्रुपवर असेल तर प्लीज सांगा. मी रविवारी गावी जाणार आहे.