सुट्ट्या पैशांऐवजी तुमच्या हातात काय पडलं?

फोर्टातल्या फुटपाथवर जुनी नाणी चाळताना १७८७ सालचं तांब्याचं टोकन मिळालं. वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या खाणकंपनीचं. एका बाजूला डोक्यावरून वस्त्र घेतलेला दाढीवाला ड्रुइड पुरोहित, आणि नाण्याच्या जाडीवर बारीक अक्षरांत वचन: मागताक्षणी लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसीत पैसे मिळतील. ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने १७७५ नंतर तांब्याची नाणी पाडणंच थांबवलं होतं. मजुरी तरी कशाने चुकती करायची? म्हणून खाणवाल्यांनी, मग दुकानदारांनी आपापली टोकनं काढली. त्याआधी १६४८ ते १६७२ मध्येही तिथले वाणी आणि खानावळवाले हेच करत होते. राजाचं नाव नाही, तरी लोक घेत. मला याचं फार अप्रूप वाटतं. मुंबईतले तुमचे अनुभव लिहा.

लालबाग: आमचा वाणी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आकडा घालून सही मारून द्यायचा. आई ते तुकडे डाळीच्या डब्यात जपायची. आमच्या गल्लीत ते चालत, नाक्यापलीकडे कोणी हात लावत नसे.

दादर: लोकलची सीव्हीएम कूपनं, मशीनमध्ये शिक्का मारून तिकीट म्हणून वापरायची ती! वडापाववालासुद्धा सुट्टे म्हणून द्यायचा आणि घ्यायचा. पण आधी कूपन उजेडात धरून मुदत बघायचा. तारीख जवळ आली असेल तर मुकाट परत सरकवायचा.

माहीम: आपल्याकडे धातूचं टोकन का नाही, याचं कारण कायद्यात आहे. १८८९ च्या मेटल टोकन्स ॲक्टने पैशासारखी वापरायची खाजगी टोकनं पाडायला बंदी घातली. २०११ च्या नाणे कायद्यातही ती आहे. म्हणून आपल्या वाट्याला पुठ्ठा, कूपन आणि गोळ्या-चॉकलेटं!

गिरगाव: आजोबांच्या पेटीत १७९१ चा मुंबई इलाख्याचा पैसा आहे. त्यावर तराजू, आणि दोन पारड्यांच्या मधे फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत पाडून तो जहाजाने इथे आला.

गिरगावकर, हे वाचून अंगावर काटा आला! अँगलसीची पुढची काही टोकनंही याच बोल्टनने पाडली. पैशाचा फोटो नक्की टाका, दोन्ही बाजूंचा. आणि कृपा करून त्याला चिंच-मीठ लावू नका. तांब्यावरचा तो तपकिरी थर घासला की नाण्याची किंमत गेलीच, शिवाय अक्षरंही झिजतात.