मदत हवी आहे: नुसते जबडे आणि दात सापडलेल्या महाकाय वानराची प्रतिकृती कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी वाई तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांनी यंदा जायगँटोपिथेकस (नामशेष झालेलं महाकाय वानर) हा विषय घेतलाय. गावातले एक मूर्तिकार गणपतीचा हंगाम उरकला की मदत करायला तयार आहेत, शाडू आणि काथ्याही तेच देणार आहेत. त्यांनी साधाच प्रश्न विचारला, "गुरुजी, उभा करायचा का चार पायांवर?" तिथे आमचं अडलंय.

ज्यांना हा प्राणी नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. चिनी वैद्यकात जमिनीतून निघालेली जुनी हाडं आणि दात 'ड्रॅगनची हाडं' म्हणून कुटून औषधात घालायची प्रथा होती. १९३५ मध्ये फॉन क्योनिग्सवाल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञांना हाँगकाँगच्या अशाच एका दुकानात एक दाढ दिसली. आपल्या दाढेच्या जवळपास दुप्पट लांब-रुंद, आणि ठेवण स्पष्टपणे बिनशेपटीच्या वानराची. त्या एका दाढेवर त्यांनी नवी प्रजाती जाहीर केली. पेकिंग मानवावर, म्हणजे चीनमध्ये सापडलेल्या आदिमानवावर, काम करणारे डेव्हिडसन ब्लॅक आदल्याच वर्षी वारले होते, त्यांच्यावरून नाव ठेवलं जायगँटोपिथेकस ब्लॅकी. मला या धाडसाचं फार अप्रूप वाटतं, कारण पुढे ते खरं ठरलं. १९५० च्या दशकात पेई वेनझोंग यांच्या पथकाने दक्षिण चीनमध्ये ग्वांगशीतल्या चुनखडकाच्या गुहा पालथ्या घातल्या आणि ल्यूचेंगच्या गुहेत जबडे मिळाले.

पण आजवरची सगळी जमा धरली तरी खालचे चार जबडे आणि दोनेक हजार सुटे दात, एवढंच हाती आहे. कवटी नाही, मणका नाही, हातापायाचं एकही हाड नाही. याचा दोष बराचसा साळिंदरांवर जातो. ती हाडं गुहेत ओढून नेतात आणि कुरतडून संपवतात. दातांची मुळंसुद्धा त्यांनी ठेवलेली नाहीत. आमच्याकडच्या डोंगरात साळिंदर आहेत, त्यामुळे मुलांना हे लगेच पटलं. पण एका मुलाने विचारलं, "सर, मग बाकीचं अंग कुठनं आनलं?"

त्याचा प्रश्न रास्त आहे आणि मला त्याला गुंडाळायचं नाही. बहुतेक चित्रांत हा प्राणी दोन पायांवर ताठ उभा असतो आणि खाली लिहिलेलं असतं: उंची ३ मीटर, वजन ३०० किलो. तेवढा केला तर आमच्या वर्गाच्या स्लॅबला डोकं टेकेल, आणि बक्षीसही मिळेल कदाचित. तरी जे कुणी पाहिलेलंच नाही ते मुलांच्या हातून ठामपणे उभं करायला माझं मन घेत नाही. फक्त जबडा ठेवावा का? की पूर्ण प्राणी करावा, आणि केला तर कुठल्या आधारावर? फलकावर उंची लिहावी का? शिवाय आपल्याकडे असं काही सापडलंय का, हेही मुलांना हवंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

*पहिला प्रतिसाद*

सर, ताठ उभा अजिबात करू नका. त्या चित्रांचा संबंध यती, म्हणजे हिममानवाच्या गोष्टींशी जोडला जातो, हाडांशी नाही. २०१९ मध्ये ग्वांगशीतल्या चुइफेंग गुहेतल्या सुमारे १९ लाख वर्षं जुन्या दाढेच्या एनॅमलमधून (दातावरच्या कठीण आवरणातून) प्रथिनं मिळाली. त्यांवरून त्याचा सर्वांत जवळचा हयात नातलग ओरांगउटान ठरला. दोघांच्या वाटा साधारण १ ते १.२ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. ओरांगउटान जमिनीवर उतरला की मुठी टेकून चालतो. अंदाजच करायचा तर तो या नात्यावरून करा.

उंचीबद्दल सावध राहा. ३ मीटर आणि २०० ते ३०० किलो हे आकडे दात-जबड्यांच्या मापावरून ताणलेले आहेत, आणि दात मोठे म्हणजे अंगही तेवढंच मोठं असं नसतं. पूर्व आफ्रिकेतला पॅरान्थ्रोपस बॉइसी हा माणसाचा नामशेष नातलग बघा: दाढा आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या, पण उंचीला तो आपल्यापेक्षा कमीच. चिवट, तंतुमय खाणं चावायचं असेल तरी दाढा मोठ्या होतात. फलकावर "अंदाजे" हा शब्द आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा.

तो नाहीसा कसा झाला हेही घ्या. २०२४ मध्ये ग्वांगशीतल्या २२ गुहांच्या अभ्यासातून कळलं की तो २.९५ ते २.१५ लाख वर्षांपूर्वी संपला. ऋतू तीव्र झाले, दाट जंगल विरळ झालं, फळं वर्षभर मिळेनात. ओरांगउटानने खाणं बदललं, याला ते जमलं नाही.

*दुसरा प्रतिसाद*

भारताचा संबंध आहे, पण शिवालिकमध्ये, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगररांगांत. भूवैज्ञानिक पिल्ग्रिम यांनी १९१५ मध्ये तिथल्या एका मोठ्या दाढेचं वर्णन केलं होतं. १९६८ मध्ये हिमाचलात बिलासपूर जिल्ह्यातल्या हरितल्यांगरला खालचा जबडा मिळाला. त्याला आधी जायगँटोपिथेकस बिलासपुरेन्सिस म्हटलं, आता बहुतेक जण इंडोपिथेकस म्हणतात. चीनमधल्यापेक्षा तो कितीतरी जुना, साधारण ८५ लाख वर्षांपूर्वीचा. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात शोधू नका, ती लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांची आहे. नदीकाठच्या गाळाची गोष्ट वेगळी, नेवाशाला प्रवरेच्या गाळात रानबैलाचे जीवाश्म मिळालेत. मुलांना जमलं तर पुण्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवा.

*धागाकर्ता*

दोघांचेही मनापासून आभार. मुलांशी बोलून असं ठरवलं: जबडा आणि दात खऱ्या मापाचे, शाडूत, रंगवलेले. बाकीचं शरीर मुठी टेकलेलं, पण नुसत्या तारेचं, मातीविना, म्हणजे कुठवर पुरावा आहे ते बघणाऱ्याला लांबूनच दिसेल. मूर्तिकारांना कल्पना आवडली. तारेचा खर्चही कमी.

आता एकच अडचण उरली. ल्यूचेंगच्या जबड्याचा बाजूने आणि वरून काढलेला, शेजारी मोजपट्टी ठेवलेला फोटो कुणाकडे आहे का? किंवा प्लॅस्टरची नक्कल बघायला मिळेल अशी जागा पुणे-कोल्हापूर पट्ट्यात? दिवाळीच्या सुट्टीत साचा करायला घेतोय, त्याआधी मिळालं तर फार उपयोग होईल.