हमिंगबर्ड फीडरकडे फिरकेनासा झाला आहे, काय चुकत असावे?

बागवेडी_एडिसन
न्यू जर्सीतील आमच्या घराच्या डेकवर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही फीडर (पक्ष्यांना गोड पाणी पाजायचे टांगते भांडे) टांगला आणि त्यात दुकानातून आणलेले तयार लाल सरबत काठोकाठ भरले. चारच दिवसांत हमिंगबर्ड आला, आणि त्याला हवेत जागच्या जागी तरंगत पिताना पाहून सासूबाईंनी हातातले तांदूळ निवडायचे थांबवले. जून उजाडल्यापासून मात्र तो जेमतेम चोच लावून निघून जातो, मुंग्यांची रांग तेवढी अखंड असते. साखरेऐवजी गूळ किंवा मध वापरावा का, असे सासूबाई विचारतात.

रॅरिटनकाठी
फीडरवर दुपारचे ऊन येत असल्यास पाक आंबला असण्याची शक्यता मोठी आहे. फीडरच्या प्लास्टिकच्या फुलांच्या आतून कापूस गुंडाळलेली काडी फिरवून पाहा. ती काळी निघाली, तर ती बुरशी आहे. 1 वाटी पांढरी साखर 4 वाट्या पाण्यात विरघळवून पाक पूर्ण गार करावा आणि उरलेला फ्रिजमध्ये ठेवावा. रंग मुळीच घालू नये, फीडरचा लालपणा पुरेसा असतो. पाण्यात मिसळलेला मध लवकर आंबतो आणि गुळात लोह जास्त असते, म्हणून दोन्ही टाळावेत. जेमतेम 3 ग्रॅम वजनाचा हा जीव पिणार तो किती, तेव्हा फीडर पाव भागच भरून उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी गरम पाण्याने घासून धुवावा. मुंग्यांवर उपाय आपल्या घरातलाच आहे: लाडवांचा डबा जसा पाण्याच्या परातीत ठेवतात, तशी फीडरच्या वर, टांगण्याच्या तारेवर पाण्याची छोटी वाटी बसवावी. तेल लावू नये, ते पिसांना चिकटते.

डेकवरची_खुर्ची
वरील सल्ला योग्य आहे, परंतु सगळा दोष पाकाचा नसावा. जूनमध्ये रुबी-थ्रोटेड हमिंगबर्डची (आपल्याकडे येणारी जात हीच) मादी एकटीच पिल्ले वाढवत असते आणि त्यांच्यासाठी बारीक कीटक व कोळी टिपत फिरते, त्यामुळे बागेत कीटकनाशक फवारणे म्हणजे तिच्याच ताटातले काढून घेणे होय. शिवाय एखादा नर फीडरवर मालकी सांगून इतरांना हुसकावतो. दुसरा फीडर घराच्या कोपऱ्यापलीकडे, पहिल्यावरून दिसणार नाही असा टांगावा. कायमची सोय हवी असेल, तर ट्रम्पेट हनीसकलचा वेल लावावा. मात्र जपानी हनीसकल चुकूनही आणू नये, ती रानभर माजते.

बागवेडी_एडिसन
काडी काळीच निघाली! सासूबाईंची आणखी एक शंका आहे: हा आपल्या चिपळूणच्या परसातला शिंजीरच ना? आणि फीडर काढायचा केव्हा?

रॅरिटनकाठी
नाही. शिंजीर बहुधा डहाळीला धरून फुलांतला मध पितो आणि त्याचे कूळ वेगळे आहे. हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडांतच आढळतात. फीडर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत राहू द्यावा. त्यामुळे पक्षी इथेच अडकून पडतो ही समजूत चुकीची आहे, कारण लहान होत जाणारा दिवस त्याला दक्षिणेकडे निघायला लावतो, आणि उत्तरेकडून उशिरा येणाऱ्यांना वाटेत दोन घोट मिळतात.