जॅकी रॉबिन्सनच्या आधी कोण होतं?

मीनल_ठाणे: मी आजवर समजत होते की मेजर लीग बेसबॉलमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉलमधला, पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे १९४७ चा जॅकी रॉबिन्सन. काल कुणीतरी म्हणालं त्याच्याही साठेक वर्षं आधी फ्लीट वॉकर म्हणून एक कॅचर (बेसबॉलमधला विकेटकीपरच म्हणा) होता. खरंय का? आणि खरं असेल तर मधे इतकी वर्षं कुणीच कसं नाही आलं?

कीपर_७: खरंय. मोझेस फ्लीटवूड वॉकर, ओहायोचा, जन्म १८५६, चांगला कॉलेजात शिकलेला. १ मे १८८४ ला टोलेडो शहराच्या संघाकडून पहिली मेजर लीग मॅच, त्या सीझनला ४२ मॅच खेळला. मी बरीच वर्षं कीपिंग केलंय म्हणून मला त्याचं एकच सारखं आठवतं, तेव्हा आजच्यासारखे जाड ग्लोव्ह नव्हते, आणि त्यांचाच पिचर (म्हणजे बॉलर) टोनी मुलेन याने नंतर स्वतः कबूल केलं की आपण ज्यांच्यासोबत खेळलो त्यातला सगळ्यात भारी कॅचर वॉकरच, पण कुठला बॉल टाक हे सांगणारे काळ्या माणसाचे इशारे मानायचे नाहीत म्हणून मी मनाला येईल तो बॉल टाकायचो. विचार करा, तुम्ही कर्व्हचा, म्हणजे वळणाऱ्या बॉलचा इशारा दिलाय, हात तिकडे चाललाय आणि सरळ सुसाट बॉल अंगावर येतो, बोटं राहतील का? शेवटी वॉकर त्याच्याकडे चालत गेला, म्हणाला इशाऱ्यांशिवाय पकडीन, पण इशारा दिल्यावर फसवणार असशील तर नाही. आणि उरलेला सीझन त्याने खरंच तसाच, काय येतंय ते माहीत नसताना पकडला.

सदा_नगरकर: मधल्या वर्षांचं सांगतो. शिकागोचा कॅप्टन कॅप अ‍ॅन्सन, मोठं नाव. १८८३ मध्ये टोलेडोत म्हणाला वॉकर असेल तर आम्ही खेळत नाही. खरं तर वॉकरचे हात दुखत होते, तो त्या दिवशी बसणारच होता, पण मॅनेजर मॉर्टनने मुद्दाम त्याला राइट फील्डला उभं केलं आणि सांगितलं, नाही खेळलात तर गेटचे पैसे विसरा. अ‍ॅन्सन गुपचूप खेळला! पण १८८७ मध्ये नेवार्कला अ‍ॅन्सनचंच चाललं, वॉकर खेळला नाही, आणि त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या (ही मेजर लीगच्या खालची लीग) मालकांनी ठराव केला की यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार नाहीत. मेजर लीगमध्ये तर कागदावर नियमच नव्हता, नुसतं आपसात ठरलेलं. वॉकर १८८९ पर्यंत सिरॅक्यूजच्या संघात टिकला, मग संपलं. रॉबिन्सन १९४६ ला मॉन्ट्रियलकडून आला तो याच इंटरनॅशनल लीगमधून.

मीनल_ठाणे: बापरे. पुढे काय झालं त्याचं?

कीपर_७: ओहायोत थिएटर चालवलं, पेटंटं घेतली, एकदा तुरुंगातही गेला. १९२४ ला वारला. कबरीवर नावाचा दगड बसला १९९० ला.