मदत हवी आहे: ऑटोकॅडमध्ये (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) लिस्प फाईल (नव्या कमांड देणारा छोटा प्रोग्राम) लागेल तेव्हाच लोड कशी करायची?

साकव (रत्नागिरी):
ऑटोकॅड २०२१, तीन मशीन, फाईल्स सर्व्हरवर. प्लॉटचं क्षेत्रफळ गुंठ्यात लिहिणारी, कौलारू छपराचा उतार काढणारी, चिऱ्याच्या भिंतीचं हॅच (रेघांची नक्षी) भरणारी अशा ४० लिस्प स्टार्टअप सूटमध्ये (आपोआप लोड होणाऱ्या फाईल्सची यादी) टाकल्यात. दर ड्रॉइंगला सगळ्या लोड होतात. म्हणून ॲकॅडडॉक फाईलमध्ये (ऑटोकॅड दर ड्रॉइंग उघडताना हीच वाचतं) ऑटोलोडच्या ओळी लिहिल्या, म्हणजे कमांड दिली की तेव्हाच तिची फाईल लोड व्हावी. एका मशीनवर चालतं, बाकी दोनवर 'फाईल सर्च पाथमध्ये सापडली नाही' असं येतं.

ओळंबा:
मेसेज येतोय म्हणजे ॲकॅडडॉक वाचली गेली, अडलंय पुढे. लिस्प सबफोल्डरमध्ये आहेत का? सपोर्ट पाथमध्ये (ऑटोकॅड फाईल शोधतं त्या फोल्डरांची यादी) वरचा फोल्डर दिला म्हणून आतले शोधले जात नाहीत, प्रत्येक वेगळा द्यावा लागतो. ऑप्शन्स, फाईल्स टॅब, सपोर्ट फाईल सर्च पाथ. जिथे चालतं तिथला स्टार्टअप सूट रिकामा केलाय ना, तेही बघा. नसेल तर ऑटोलोड तिथेही चालत नाहीये, फाईल आधीच लोड झालेली असते.

ओळ अशी हवी (टाईप रोमनमध्येच):
(ऑटोलोड "गुंठा" '("गुंठा" "गुंठालेबल"))
आधी फाईलचं नाव, मग तिच्यातल्या कमांड. यादीत कमांडच्या नावाआधी 'सी:' लावायचं नाही, फाईलमध्ये डीफनने कमांड बनवताना मात्र हवंच. पूर्ण पाथ देणार असाल तर बॅकस्लॅश दुहेरी.

साकव:
सबफोल्डरच होता, जमलं! आता दर फाईलला सुरक्षेची विचारणा येते. आणि उताराची कमांड 'नो फंक्शन डेफिनिशन' (फंक्शन सापडत नाही) म्हणून थांबते.

ओळंबा:
विचारणा सिक्युअरलोड या सुरक्षा सेटिंगमुळे. ते ० (बंद) करू नका, कृपया. त्याच फाईल्स टॅबमध्ये ट्रस्टेड लोकेशन्सला तो फोल्डर जोडा आणि सर्व्हरवर बाकीच्यांना रीड-ओन्ली ठेवा. विश्वासातल्या फोल्डरमध्ये कोणीही फाईल टाकू शकत असेल तर त्या विश्वासाला अर्थ नाही.

चिरेबंदी:
उताराची लिस्प दुसऱ्या फाईलमधलं फंक्शन वापरत असणार. स्टार्टअप सूटमध्ये सगळंच लोड व्हायचं म्हणून ते कळलं नाही. ऑटोलोड फक्त कमांड ओळखतं, साधी फंक्शन्स नाही. सामायिक फंक्शन्स एका फाईलमध्ये घ्या आणि ती ॲकॅडडॉकमध्ये पहिल्याच ओळीला सरळ लोड करा. रिॲक्टर (ड्रॉइंगमध्ये काही घडलं की आपोआप चालणारा कोड) असलेल्या फाईलीही तशाच. कमांडची वाट बघत बसल्या तर रिॲक्टर जागाच होत नाही.

गुंठ्याच्या लिस्पमध्ये भागाकार १०१.१७ ने (एका गुंठ्याचे चौरस मीटर) आहे ना? ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर आधी १०,००,००० ने भागा.