पायाने साथ दिली नसती तर? आपले अनुभव लिहावेत

गेल्या पावसाळ्यात माझ्या घोट्याचे हाड मोडले आणि सहा आठवडे डाव्या पायावर भार द्यायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. आम्ही पुण्यात सदाशिव पेठेतील जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि तेथे लिफ्ट नाही. कुबड्या धरल्या की दोन्ही हात गुंततात, त्यामुळे चहा स्वतः करता आला तरी कप टेबलापर्यंत नेता येत नाही. सहा आठवडे मी चहा ओट्याशी उभ्यानेच घेतला. हेच कायमचे असते तर नोकरी, घर आणि मित्र यांपैकी काय टिकले असते, याचा प्रामाणिक अंदाज आपणही लिहावा. ज्यांच्यासाठी हा अंदाज नसून रोजचे जगणे आहे, त्यांनी आमचे चुकेल तेथे दुरुस्त करावे.

*

मी बांधकामाचे नकाशे काढतो. रॅम्पचा चढ 1:12 पेक्षा (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) तीव्र नसावा, हे मी कित्येक नकाशांवर लिहिले आहे. पण वरील मजकूर वाचून प्रथमच टेप घेऊन स्वतःच्या दाराशी गेलो. तीन पायऱ्या मिळून 18 इंच भरल्या, म्हणजे रॅम्प 18 फूट लांब हवा, आणि दारापासून फाटकापर्यंत जागा आहे 11 फूट. न्हाणीघराचे दार 24 इंचांचे आहे, त्यातून साधी व्हीलचेअरही आत जाणार नाही. हे घर मीच बांधले आहे.

*

मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, त्यामुळे आपण सर्व जी कल्पना करीत आहात ती मला उलटी करावी लागते. चालल्याची आठवणच नसल्याने काही हरवल्याचे दुःखही नाही. अडचणी मात्र आपल्याला सुचणार नाहीत अशा जागी असतात. देवळात जाताना लोक चप्पल बाहेर काढतात. माझा बूट कॅलिपरलाच (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या सांगाड्याला) जोडलेला असल्यामुळे पायरीवर बसून मांडीपासूनचे सगळे पट्टे सोडावे लागतात, आणि ते सोडले की उभेच राहता येत नाही. म्हणून आमच्या ग्रामदेवतेचे दर्शन मी आजवर सभामंडपाबाहेरूनच घेतले आहे. देवीची त्याबद्दल तक्रार नसावी.

अपंगांसाठीच्या 1995 च्या कायद्याने ठेवलेल्या 3 टक्के आरक्षणातून मी नोकरीला लागले (2016 च्या कायद्याने ते 4 टक्के झाले). त्यानंतर एकदा बँकेत कारकुनाने माझ्याकडे न पाहता धाकट्या भावाला विचारले, “यांना सही येते का?” मी तेव्हा महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होते आणि भाऊ बी.कॉम.ला दुसऱ्यांदा बसला होता. पायाचे मला कधीच काही वाटले नाही, त्या प्रश्नाचे मात्र अजून वाटते. वन्य पोलिओ विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला आढळला. म्हणजे देवळाच्या पायरीवर पट्टे सोडणाऱ्यांमध्ये आमचीच पिढी शेवटची ठरो.

*

मधुमेहामुळे माझ्या यजमानांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कृत्रिम पाय इतका चांगला बसला आहे की पँटखाली तो ओळखूच येत नाही, आणि लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात नेमके तेच नडते. “धडधाकट दिसता की,” असे ऐकून घेत ते रोज डोंबिवलीपासून कार्ड दाखवीत उभे राहत. आता ते डब्यात शिरताच पँट गुडघ्यापर्यंत वर घेतात आणि कोणीतरी मुकाट्याने सरकते. त्यांच्या जागी मी असते तर भरल्या डब्यात मला साडी वर घ्यावी लागली असती. ते मला जमले असते की मी दादरपर्यंत उभीच राहिले असते, हे अजून ठरवता आलेले नाही.