क्री कादंबरीचा उतारा मराठीत करताना: ‘कोकम’ आणि लेखकाची नोकरी

खाडीकाठ (रत्नागिरी): वाचनालयाच्या अंकासाठी कॅनडातल्या एका क्री (तिथला एक मूलनिवासी समाज) कादंबरीकाराचा उतारा इंग्रजीतून घेतोय. परिचयात नोकरी दिलीय ‘इंडिजिनस इकॉनॉमिक डेव्हलपमेंट’. ‘आदिवासी विकास अधिकारी’ चालेल? आणि पानोपानी ‘कोकम’ आहे, ते आमसूल नक्कीच नाही.

साकव: कोकम म्हणजे आजी. मूळ ‘कोहकोम’, नेमका अर्थ ‘तुझी आजी’. ‘माझी आजी’ म्हणजे ‘नोहकोम’. इंग्रजीत मात्र ‘कोकम’ सरसकट रूढ झालंय. ‘कोकम अंगणात बसली’ छापलंत तर आपल्याकडे सगळ्यांना सोलंच वाळताना दिसणार! ‘कोहकोम’ असं ‘ह’सकट लिहा, पहिल्यांदा नुसतं ‘कोहकोम आजी’. तळटीप नको.

दुसरी अडचण मोठी. क्रीत ‘तो’ आणि ‘ती’ वेगळे नाहीत, दोघांनाही ‘विया’. लेखकाने एखाद्या पात्राचं लिंग मुद्दाम झाकलं असेल तर मराठीत ‘गेला-गेली’ लगेच चहाडी करतं. तिथे सर्वनाम गाळून नाव वापरा आणि वाक्य सकर्मक भूतकाळात वळवा: ‘वीसाहकेचाकने दार उघडलं’ (वीसाहकेचाक हे क्री कथांमधलं खट्याळ पात्र). क्रियापद दाराप्रमाणे चालतं, लिंग झाकलेलं राहतं. ‘आला’, ‘बसली’ अशी अकर्मक क्रियापदं आली की युक्ती फसते.

भरती_ओहोटी: ‘आदिवासी विकास अधिकारी’ नको, वाचक आपल्या सरकारी खात्यातला माणूस समजेल. असं काम बरेचदा नेशनच्या, म्हणजे त्या मूलनिवासी समुदायाच्या, स्वतःच्या कंपनीत असतं. समुदायासाठी राखीव जमिनीची कायदेशीर मालकी क्राउनकडे (राजसत्तेकडे), आणि इंडियन ऍक्ट या कॅनडाच्या मूलनिवासींबाबतच्या कायद्याच्या कलम 89 मुळे तिथली मालमत्ता बाहेरच्या बँकेला गहाण ठेवता येत नाही. सामाईक सातबाऱ्यावर कर्ज मागायला गेल्यासारखं. फक्त इथे सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आणूनही भागत नाही. वाट काढतात ती भाडेपट्ट्याने: नेशनच्या संमतीने जमीन त्यासाठी नेमून दिली की पट्ट्याचा हक्क गहाण पडू शकतो, जमीन नाही. मस्केग लेक क्री नेशनने 1988 मध्ये सास्काटून शहरातच राखीव जमीन मिळवली आणि व्यवसायांना पट्ट्याने दिली.

आणि हो, ‘इंडियन ऍक्ट’चा ‘भारतीय कायदा’ करू नका, हसं होईल.

खाडीकाठ: मग परिचयात काय लिहू?

भरती_ओहोटी: ‘मूलनिवासी समुदायांच्या उद्योग-उभारणीचं काम करतात’. नेशनची कंपनी, सल्लागार संस्था की सरकारी खातं, हे मूळ परिचयात नसेल तर मोघमच ठेवा. हुद्दा मनाने घालू नका.